वाचकांचे प्रश्न : तक्ता ६/६, मग फील्ड टेस्ट कशाला?

प्रश्न : मला रेटिनायटिस पिगमेंटोसा (कडेची दृष्टी हळूहळू जाणारा डोळ्याच्या पडद्याचा आजार) आहे. तक्त्यावरची ६/६ची ओळ वाचता येते, पण चालताना बाजूची माणसं, खुर्च्या अंगावर येतात. अपंगत्वाच्या तपासणीला ‘२४-२’ या फील्ड टेस्टचा रिपोर्ट दिला, तो पुरेसा नाही म्हणून परत आला. असं का?

उत्तर : तक्ता नजरेच्या अगदी मध्यावरची तीक्ष्णता मोजतो, बाकी काही नाही. निरोगी डोळ्याचं दृष्टिक्षेत्र (फील्ड), म्हणजे नजर स्थिर ठेवून दिसणारा सगळा भाग, नाकाकडे आणि वर साधारण ६० अंश, खाली ७० ते ७५ आणि कानाकडे ९०च्या पुढे जातं. २४-२ ही मशीनवरची चाचणी त्यातला मधला भाग ५४ बिंदूंवर दिवे दाखवून तपासते, बिंदूंमध्ये ६ अंशांचं अंतर ठेवून. काचबिंदूचा माग ठेवायला ती उत्तम. तुमच्या आजारात मात्र ती दोन्हीकडून तोकडी पडते. कानाकडे दूरवर दृष्टीचं एखादं बेट उरलं असेल तर ते तिच्या कक्षेतच नाही, आणि मधल्या १० अंश त्रिज्येच्या वर्तुळात तिचे जेमतेम १२ बिंदू येतात. अपंगत्वाच्या निकालाची रेषा बहुधा तिथेच असते.

गोल्डमन पेरिमेट्री करून घ्या, ‘थ्री-फोर-ई’ (III4e) या ठरावीक आकाराच्या आणि प्रखरतेच्या ठिपक्याने. यात प्रकाशाचा ठिपका कडेकडून आत सरकवतात, दिसला की तुम्ही बटण दाबता. सगळ्या दिशांच्या खुणा जोडल्या की क्षेत्राची हद्द कागदावर उमटते. सोबत १०-२ ही चाचणी असली तर उत्तम : मधल्या १० अंशांत ६८ बिंदू, २ अंशांच्या अंतराने.

रिपोर्ट वाचताना त्रिज्या आणि व्यास यांची गल्लत हमखास होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात चांगल्या डोळ्याचं क्षेत्र मध्यापासून १० अंश त्रिज्येच्या आतच उरलं असेल, तर तीक्ष्णता शाबूत असूनही ते अंधत्वात धरलं जातं. काही नियम हेच २० अंश व्यास असं लिहितात. एक मीटरवर हे वर्तुळ सुमारे ३५ सेंटिमीटर रुंद भरतं. समोरच्याचा चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत.

प्रश्न : वडिलांच्या फील्ड टेस्टच्या रिपोर्टवर ‘अविश्वसनीय’ असा शेरा आहे. ते म्हणतात, अर्धे दिवे दिसलेच नाहीत.

उत्तर : अर्धे दिवे न दिसणं हा दोष नव्हे. मशीन दिसण्या-न दिसण्याची सीमा शोधत असतं, म्हणून निरोगी माणसालाही बरेच दिवे दिसत नाहीत. हे आधी कुणी सांगितलं नाही की लोक घाबरून अंदाजाने बटण दाबू लागतात. असे चुकीचे होकार (दिवा दिसला नसताना दाबलेलं बटण) १५ टक्क्यांवर गेले की रिपोर्टवर भरवसा ठेवता येत नाही. दुसरा आकडा नजर हलण्याचा. प्रत्येक डोळ्याच्या क्षेत्रात मुळातच काही न दिसणारी एक जागा असते, तो अंधबिंदू. मशीन मधूनच त्यावर दिवा दाखवतं. तो ‘दिसला’ तर नजर हलली असं समजतं. पण डोकं किंचित तिरकं असेल तर अंधबिंदूच जागेवरून सरकतो आणि रुग्णाला विनाकारण दोष लागतो. चुकीचे नकार (दिसायला हवा त्या दिव्याला न दाबलेलं बटण) मात्र खराब झालेल्या क्षेत्रात आपोआप वाढतात. त्यावरून रुग्णाला बोल लावू नये.

पुन्हा चाचणी करताना जवळच्या नंबरची बारीक कडेचं भिंग लावायला सांगा, रोजचा बायफोकल नको. भिंग डोळ्यापासून लांब राहिलं तर त्याची कड क्षेत्रात काळी पट्टी उमटवते. लोंबती पापणी वरचा भाग झाकते, ती चिकटपट्टीने उचलून धरावी. दमल्यास बटण दाबून धरलं की बऱ्याच मशीनवर चाचणी थांबते. पहिली चाचणी अनेकदा दुसरीपेक्षा वाईट येते, त्यामुळे एकाच रिपोर्टवर निकाल लावणं घाईचं.

प्रश्न : पक्षाघातानंतर दोन्ही डोळ्यांची उजवी बाजू गेली. वाचता येत नाही, पण तीक्ष्णता पूर्ण आहे.

उत्तर : डावीकडून उजवीकडे वाचताना पुढचा शब्द नेहमी उजवीकडे असतो, तोच तुम्हाला दिसत नाही. डावी बाजू शाबूत असल्याने १० अंशांच्या वर्तुळाचा नियम इथे बसत नाही. गेलेला भाग वेगळा मोजावा लागतो. दोन्ही डोळे उघडे ठेवून, रोजच्या चष्म्यासह एस्टरमन चाचणी करून घ्या. तिचे १२० बिंदू बाजूंपर्यंत पसरलेले असतात आणि प्रत्येकाचं उत्तर फक्त दिसला किंवा नाही असं असतं. वाचनाची अडचण मात्र तिच्यात नीट उतरत नाही, कारण मध्याजवळ तिचे बिंदू विरळ आहेत. त्यासाठी १०-२ जोडा आणि वाचनाचा वेग वेगळा नोंदवून घ्या.