भूतानला दोन हजार कोटी, मग आमच्या रस्त्याला का नाही?

तुमचा प्रश्न असा की पुण्यातला कात्रज-कोंढवा रस्ता वर्षानुवर्षं रखडलाय आणि सरकार भूतान-मालदीवला पैसे वाटतंय, हे कुठलं शहाणपण. राग कळतो, मीही त्याच रस्त्यानं धूळ खात जातो, पण आधी आकडे बघा. २०२५-२६ च्या केंद्रीय बजेटमध्ये भूतानसाठी २,१५० कोटी होते, आणि सगळ्यात जास्त मिळणारा देश तोच. त्याच वर्षी आपल्या पुणे मनपाचं बजेट होतं १२,६१८ कोटी. म्हणजे भूतानचे पैसे पुणे वर्षाला खर्च करतं त्याच्या साधारण सहावा हिस्सा. रस्ता जागेच्या ताब्यावरून अडलाय हो, त्यात थिंफूचा काय दोष.

आणि ह्या सगळ्याला सरसकट 'मदत' म्हणतात ना, तिथंच घोळ होतो. भूतानमधला चुखा वीजप्रकल्प घ्या, ३३६ मेगावॅटचा, ऐंशीच्या दशकात आपण उभा करून दिला, ६० टक्के अनुदान, ४० टक्के कर्ज. त्यांना एवढी वीज लागतच नव्हती, उरलेली आपणच विकत घेतली, त्यातून त्यांचं कर्ज फिटलं, सरकारला उत्पन्न सुरू झालं आणि आपल्याला शेजारूनच वीज मिळाली. शिवाय हा शेजारी चीनच्या सीमेवरचा, ते विसरू नका.

आफ्रिकेत प्रकार वेगळा, तिथं लाइन ऑफ क्रेडिट चालते. आपली सरकारी एक्झिम बँक त्या देशाला स्वस्त कर्ज मंजूर करते, पण पैसा जातो थेट इथल्या कंपनीला, कारण साधारण ७५ टक्के माल आणि सेवा भारतातून घ्यायची अट असते (बांधकामाला थोडी सूट मिळते). सेनेगलला अशीच २.७ कोटी डॉलरची लाइन दिली होती, भातशेतीला पाणी द्यायला पंप हवे होते, आणि पंप गेले कोणाचे, तर किर्लोस्कर ब्रदर्सचे! म्हणजे दिल्लीनं दिलेलं कर्ज, भात पिकला सेनेगलात आणि ऑर्डर आली आपल्या पुण्यातल्या कंपनीला. ह्याला दानधर्म कसं म्हणायचं?

बरं, आपण घेतो पण. तुम्ही ज्या मेट्रोत बसता तिला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रान्सच्या एएफडी ह्या विकास बँकेचं कर्ज आहे, आणि मुळा-मुठेच्या सांडपाण्याच्या ज्या कामाला सगळे 'जायका' म्हणतात ती मुळात जपानची कर्ज देणारी संस्था. जपानला काय मुठेचा पुळका आलाय असं वाटतं का?

माझ्या मते सगळ्यात कमी खर्चात जास्त पदरात पडतं ते भारत सरकारच्या आयटेक योजनेतून. १९६४ पासून चालू आहे, परदेशातले अधिकारी इथं काही आठवड्यांच्या ट्रेनिंगला येतात, विमानाचं तिकीट, फी, राहणं सगळं आपलं. मी रिटायर होईपर्यंत अशा बॅचेसना शिकवलंय. पहिल्या आठवड्यात मेसच्या आमटीबद्दल तक्रारी, आणि जाताना तीच मंडळी लक्ष्मी रोडवरून बॅग भरून. टांझानियाचे एक गृहस्थ होते, सहकार खात्यातले, सात-आठ वर्षांनी अचानक मेल आला, खात्याला सॉफ्टवेअर घ्यायचंय, पुण्यात कोण बनवतं सांगा. अशा ओळखी कुठल्याच बजेटमध्ये दिसत नाहीत.

आता तुमच्या रागातलं जे खरं आहे ते, म्हणजे दिरंगाई. त्याच भूतानमध्ये पुनात्सांगछू-१ हा १,२०० मेगावॅटचा प्रकल्प २००८ ला सुरू झाला, २०१३ मध्ये धरणाच्या जागेशेजारचा डोंगर घसरायला लागला आणि धरणाचं काम वर्षानुवर्षं अडकून पडलं, खर्च दुपटीच्या वर गेला. कर्ज भूतानच्या डोक्यावर आणि विजेचा पत्ता नाही. चीन इतर देशांत बांधून देतो ते काम महाग पडत असेल, अटी जाचक असतील, पण पूल दिसतो तरी. जाब विचारायचाच असेल तर पैसे का दिले ह्यापेक्षा कामाला इतकी वर्षं का लागली हे विचारा, आणि तोच अर्ज तारीख बदलून कात्रजच्या रस्त्यासाठीही चालेल बघा.