हातांनी बोललं तर बिघडलं कुठे?

मागच्या अंकात मी थोडंसं लिहिलं होतं, की आईबाबा दोघंही डेफ असलेल्या घरात मी ऐकू येणारी मुलगी कशी वाढले आणि पुढे साइन लँग्वेजची, म्हणजे हातांच्या खुणांच्या भाषेची, इंटरप्रिटरच कशी झाले. त्यावर इतकी पत्रं आलीत की संपादक म्हणाले, या वेळचं सदर याच विषयाला देऊन टाक. तर देतेय. सगळ्यांना उत्तरं जमणार नाहीत, निवडक घेतलीयेत, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : ताई, माझी मुलगी पावणेदोन वर्षांची आहे. कानांच्या बेरा टेस्टमध्ये दोन्ही कानांना प्रोफाउंड लॉस निघाला, म्हणजे जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. डॉक्टर कॉक्लिअर इम्प्लांट करा म्हणतात, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र. स्पीच थेरपिस्ट मॅडमनी बजावलंय की घरात कुणी हातवारे करायचे नाहीत, नाहीतर ती आळशी होईल आणि कधी बोलणारच नाही. सासूबाई म्हणतात खुणा शिकवल्या की चारचौघांत कळेल, पुढे लग्न कसं व्हायचं. ती माझ्याकडे बघून हात हलवते आणि मी आपली हात पाठीमागे घेऊन बसते. काय करू? (एक आई, सांगली)

उत्तर : आधी ते पाठीमागचे हात पुढे घे बाई. पोरगी तुझ्याशी बोलायला बघतेय.

खुणा केल्या की मुलं बोलत नाहीत हे मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि खुणा येतात म्हणून बोलायचं थांबलं असं एकही मूल मला अजून भेटलेलं नाही. अडतं ते कुठलीच भाषा नसल्याने. पहिली चारपाच वर्षं भाषा डोक्यात बसायची असतात, मग ती कानातून जावो नाहीतर डोळ्यांतून, पण ती वर्षं रिकामी गेली तर पुढे वाचणं, हिशेब, राग आला तर का आला ते सांगणं, सगळंच जड जातं. डेफ मुलांपैकी दहातली नऊ तरी ऐकू येणाऱ्या आईबापांच्या पोटी येतात, म्हणजे घरात साइन कुणालाच येत नसते आणि ते लेकरू दिवसभर नुसती हलणारी तोंडं बघत बसतं.

इम्प्लांटच्या मी विरोधात नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण डेफ घरातली म्हटलं की लोक तसं धरूनच चालतात. करायचं ठरलं तर लवकर केलेलं बरं. एडिप या दिव्यांगांना साधनं देणाऱ्या योजनेत लहान मुलांसाठी सरकारी मदत मिळते, वयाची अट असते, म्हणून चौकशी आजच कर. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही ऐकण्याबोलण्याच्या अडचणींसाठीची संस्था आहे, केंद्र सरकारची, १९८३ पासूनची, तिथे सगळं नीट सांगतील. पण ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या दिवशी पोर 'आई' म्हणाली असं होत नसतं, आधी मशीन चालू करायचं, मॅपिंग म्हणजे पोरीला झेपेल तसा आवाज त्यात बसवायचा, मग कित्येक वर्षं थेरपी, आणि एवढं करून एखाद्याला फोनवर गप्पा मारता येतात तर दुसऱ्याला जेमतेम हॉर्न कळतो. त्यात तो कानावरचा बाहेरचा भाग आंघोळीला काढायचा, झोपताना काढायचा, बॅटरी संपली की संपलं. रात्री दोन वाजता ताप चढलाय, मशीन काढून ठेवलंय, तेव्हा कुठे दुखतंय ते ती कशात सांगणार? म्हणून म्हणते, इम्प्लांट करा किंवा नका करू, साइन दोन्हीकडे लागतेच.

आणि हे 'हातवारे नकोत' आलं कुठून माहितेय का? १८८० साली इटलीत मिलानला डेफ मुलांच्या शिक्षकांची परिषद भरली होती. मतं देणारे जवळजवळ सगळे कान शाबूत असलेले, आणि त्यांनी ठरवून टाकलं की शाळेत फक्त तोंडी बोलणंच शिकवायचं. ते लोण जगभर पसरलं, आपल्याकडेही आलं. माझी आई ज्या शाळेत होती तिथे वर्गात हात हलले की पट्टी बसायची, आणि आरशासमोर बसून 'प' आणि 'ब' घोटायचे, तासन् तास, आता तूच आरशात बघून सांग या दोन अक्षरांना ओठांवर काय फरक दिसतो ते. साइन ती होस्टेलवर शिकली, जेवणाच्या रांगेत उभं राहून, मोठ्या मुलींकडून. मिलानच्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला तो २०१० मध्ये, व्हँकुव्हरच्या परिषदेत. १३० वर्षांनी. तुझ्या मॅडमपर्यंत तो अजून पोचायचाय बहुतेक.

सुरुवात कशी करायची, तर तर्जनी नाकपुडीच्या बाजूला, जिथे चमकी असते तिथे टेकव, ही आई. बाबा म्हणजे मिशी. दूध, पाणी, झोप, अजून हवं, संपलं, एवढ्यावर महिनाभर घर चालतं. पाठीमागून हाका मारू नकोस, खांद्याला हलकं टॅप कर, नाहीतर लाइट चालूबंद कर, जमिनीवर पाय आपटलास तरी चालतं, कंपनं कळतात. खिडकीकडे पाठ करून बोलायचं नाही, चेहरा काळा दिसतो, आणि साइनमधलं अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. भुवया वर गेल्या तर हो-नाहीचा प्रश्न, नाही गेल्या तर साधं वाक्य. आमच्याकडे आई कणीक मळत असताना भांडण निघालं की मजा यायची, हात भरलेले असायचे पण तिला थांबवायचं नसायचं, मग 'तू रोज उशिरा येतेस' एवढं सांगेपर्यंत ओट्यावर, फ्रीजवर आणि माझ्या युनिफॉर्मवर पीठ. दिल्लीत आयएसएलआरटीसी म्हणून इंडियन साइन लँग्वेजची सरकारी संस्था आहे, २०१५ साली निघालेली, तिची १० हजार शब्दांची डिक्शनरी व्हिडिओमध्ये आहे, साइन लर्न नावाचं अ‍ॅपही आहे. रोज रात्री नवऱ्याला घेऊन बस. एकटी शिकू नकोस, नाहीतर आयुष्यभर घरातली इंटरप्रिटर तूच होशील.

पण अ‍ॅपपेक्षा महत्त्वाचं म्हणजे मोठी डेफ माणसं घरी येऊ देत. सांगलीत, कोल्हापुरात असतील, शाळेत विचार. ज्यांनी कधी मोठं डेफ माणूस बघितलेलंच नसतं अशी काही मुलं समजून चालतात की मोठं झालं की आपल्याला आपोआप ऐकू येणार. तुझ्या मुलीला दिसू दे की बायका डेफ असतात, नोकरी करतात, स्कूटी चालवतात, सुनांशी भांडतातसुद्धा. सासूबाईंना सांग, माझ्या आईबाबांचं लग्न डेफ मंडळाच्या स्नेहसंमेलनात जमलं, मध्यस्थ लागला नाही, पत्रिका मात्र आजीने तरीही बघितली.

प्रश्न : मी २४ वर्षांचा आहे, लहानपणापासून कानाला ऐकायचं मशीन लावतो, नॉर्मल शाळेत पहिल्या बाकावर बसून शिकलो. ओठ वाचतो. ग्रुपमध्ये सगळे हसले की मीही हसतो. परवा एका डेफ ग्रुपबरोबर ट्रेकला गेलो तर सगळे भराभर साइन करत होते, मला काही कळेना, आणि एकाने लिहून विचारलं, तू डेफ का हिअरिंग? मला उत्तर देता आलं नाही. मी नक्की कोण? (नाशिक)

उत्तर : कायद्याने सांगायचं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांना ७० डेसिबल किंवा जास्त लॉस असेल तर डेफ, ६० ते ७० असेल तर हार्ड ऑफ हिअरिंग, म्हणजे कमी ऐकू येणारा, आणि सरकारी नोकरीतलं १ टक्का आरक्षण या दोघांना मिळून आहे. सर्टिफिकेट काढून ठेव, कामाला येतं. पण तुझा प्रश्न त्या कागदाचा नाहीये.

'डेफ का हिअरिंग' हे डेफ लोकांत सर्रास विचारतात, वाईट वाटून घेऊ नकोस, त्याच्या मागोमाग 'कुठली शाळा?' येतं. आपण कसं गाव विचारतो तसंच आहे ते, शाळेवरून सगळी नाती लागतात, कुणाचा मित्र कुणाचा रूममेट होता ते निघतं. तुला शाळा सांगता येणार नाही, हरकत नाही. 'हार्ड ऑफ हिअरिंग, साइन शिकतोय' एवढं सांग, लोक हात सावकाश करतात आणि दोन भेटींत तुला नावही पडेल. साइनमध्ये प्रत्येकाला वेगळं नाव असतं, गालावरची खळी, कपाळावरची खूण, सारखा चष्मा सावरायची सवय, कशावरूनही पडतं, आणि ते आपण स्वतः ठेवायचं नसतं. माझं नाव माझ्या वेणीवरून आहे, केस कापून जमाना झाला तरी तेच.

मला तुझ्या पत्रातलं ते हसणं जास्त टोचलं. सगळे हसले की आपण हसायचं, मग शेजारच्याला विचारायचं काय झालं, आणि तो म्हणणार 'काही नाही रे, सोड'. हे 'सोड' ऐकून ऐकून किती जण थकलेत ते मला इंटरप्रिटर म्हणून रोज दिसतं. ओठ वाचून निम्म्याहून जास्त अंदाजच बांधावा लागतो, त्यात समोरच्याला मिशी असेल किंवा तो तोंडात मावा धरून बोलत असेल तर आनंदच, संध्याकाळी डोकं जड होतं ते उगाच नाही. डेफ लोकांत 'सोड' नसतं. एखादा विनोद तीन वेळा सांगतील, उशिरा आलेल्याला पहिल्यापासून सांगतील, निरोप घ्यायला तास लावतील. मुंबईला आलास तर संध्याकाळी लोकलच्या दिव्यांगांच्या डब्यात डोकावून बघ, कामावरून सुटलेले डेफ लोक तिथे गाठतात एकमेकांना, इतक्या गर्दीत गोंगाटात ज्यांच्या गप्पांना काही म्हणजे काही अडत नाही असे तेवढेच. समोरच्या प्लॅटफॉर्मवरचा माणूस असला तरी गाडी येईपर्यंत बोलणं चालू.

मशीन काढून टाक असं मी सांगत नाही. ऑफिसात लाव, फोनला लाव, ट्रेकला पिशवीत ठेव. दोन्हीकडचा असणं ही काही शिक्षा नाही, फक्त सध्या तुला एकाच बाजूची भाषा येते. दुसरी शिक आणि पुढच्या ट्रेकला परत जा.

प्रश्न : आपल्या लेखात 'डेफ असल्याचा अभिमान' असे शब्द होते. कमतरतेवर मात करणे कौतुकास्पदच, परंतु कमतरतेचाच अभिमान? हे पाश्चात्त्य फॅड नव्हे काय? (निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

उत्तर : सर, अभिमान ऐकू न येण्याचा नसतो, त्या लोकांनी ऐकू न येताही जे उभं केलं त्याचा असतो. शाळेत बंदी असलेली भाषा होस्टेलच्या पोरापोरींनी शंभरेक वर्षं जिवंत ठेवली, कुठल्याही सरकारी मदतीशिवाय, तुम्ही स्वतः मास्तर, तुम्हाला या गोष्टीची किंमत मी काय सांगणार.

बाहेरचं म्हणाल तर एक गोष्ट खरंच बाहेरची सांगण्यासारखी आहे. वॉशिंग्टनला गॅलॉडेट म्हणून डेफ विद्यार्थ्यांचं विद्यापीठ आहे, १८६४ पासूनचं. त्याचे प्रमुख कायम ऐकू येणारेच. मार्च १९८८ मध्ये शेवटच्या तीन उमेदवारांत दोन डेफ असूनही बोर्डाने पुन्हा ऐकू येणारीच व्यक्ती निवडली, तेव्हा विद्यार्थ्यांनी गेटं बंद केली, मोर्चे काढले, आणि आठवडाभरात आय. किंग जॉर्डन हे पहिले डेफ अध्यक्ष झाले. आपल्यासाठी निर्णय कोण घेणार, एवढाच मुद्दा होता. टिळकांच्या महाराष्ट्राला तो फॅड वाटू नये.

आपल्याकडेही चाललंय की. २०२१ मध्ये इंडियन साइन लँग्वेजला शालेय विषयाचा दर्जा मिळाला. २०२३ मध्ये सारा सनी या डेफ वकील सुप्रीम कोर्टात साइन इंटरप्रिटरच्या मदतीने हजर राहिल्या. पण २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांवर लोक नोंदवलेत, आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत इंडियन साइन लँग्वेज नाही. डेफ संघटना ती मागणी लावून धरून आहेत. साताऱ्यात दर सप्टेंबरच्या शेवटी डेफ लोकांची रॅली निघाली तर जरूर जा, २३ सप्टेंबर हा साइन लँग्वेजचा आंतरराष्ट्रीय दिवस असतो, टाळ्या दोन्ही हात वर करून हलवून वाजवायच्या, एवढं जमेल तुम्हाला.

प्रश्न : साइन लँग्वेज जगभर एकच का नाही केली? किती सोयीचं झालं असतं! (डोंबिवली)

उत्तर : करणार कोण? ती कुणी बसून केलेलीच नाही, जिथे डेफ लोक एकत्र आले तिथे ती वाढली. अमेरिका आणि इंग्लंड दोघांची इंग्रजी एक पण साइन इतक्या वेगळ्या की एकमेकांचं कळत नाही, अमेरिकेची फ्रान्सकडून गेलेली, एका हाताने एबीसी करतात, ब्रिटिशांची आणि आपली दोन हातांनी. पाकिस्तानची मात्र आपल्या बरीच जवळची. आणि ती मराठीची किंवा हिंदीची नक्कलही नाही, 'तू कुठे जातोस' हे आमच्या घरी 'तू जा कुठे' असं असतं, प्रश्नाचा शब्द शेवटी. बाकी सगळ्या जगाने एकच भाषा बोलावी असं वाटत असेल तर मराठीपासून सुरुवात करू, चालेल?

प्रश्न : आमच्या गणेश मंडळात दोन डेफ कार्यकर्ते आहेत. यंदा व्याख्यानाला इंटरप्रिटर ठेवायचंय, त्यांनीच सुचवलं. काय तयारी लागते? आमच्यातल्याच एका मुलीला थोडं येतं, ती करेल का? (पुणे)

उत्तर : शाब्बास मंडळ. थोडं येणाऱ्या मुलीला चहाच्या वेळी गप्पा मारायला बसवा, स्टेजवर नको, तिचाही घाम निघेल आणि त्या दोघांनाही अर्धंच कळेल. डिप्लोमा केलेले इंटरप्रिटर मिळतात, कोण चांगला ते तुमच्या दोघा कार्यकर्त्यांनाच विचारा. व्याख्यान तासाच्या वर असेल तर दोघं बोलवा, वीसपंचवीस मिनिटांनी आलटून पालटून करतात, हात आणि डोकं दोन्ही थकतं. मानधन आधी ठरवा, 'सेवा समजून करा' म्हणू नका, डेकोरेटरला असं म्हणता का? वक्त्याचे मुद्दे, त्यातली नावं, अभंग म्हणणार असतील तर ते शब्द आधी पाठवा, ऐनवेळी ज्ञानेश्वरीची ओवी आली की आमची गाळण उडते. इंटरप्रिटर वक्त्याच्या शेजारीच उभा करा, खांबाआड नाही, आणि त्याने एकरंगी गडद शर्ट घालावा. डेफ लोकांसाठी पुढच्या दोन रांगा राखा. ढोलताशा बंद ठेवायचं मात्र काही कारण नाही, तो छातीत वाजतो, माझे बाबा पथकाच्या अगदी पुढ्यात जाऊन उभे राहायचे. फक्त ती उघडझाप करणारी लायटिंग इंटरप्रिटरच्या मागे नको, समोरून एक साधा पांढरा फोकस पुरे.