पायाच्या शिरेत गुठळी झाल्यावर पोटात बसवलेला फिल्टर कायम ठेवायचा की काढायचा?

बहुतेकांच्या बाबतीत काढायचा. आणि तो कधी काढणार, हे बसवतानाच डॉक्टरांना विचारून घ्या.

पायातली गुठळी सुटली तर ती पोटातल्या मोठ्या शिरेतून हृदयात आणि तिथून फुफ्फुसात जाते. हे जिवावर बेतू शकतं. फिल्टर म्हणजे त्या शिरेत, मूत्रपिंडांच्या शिरा मिळतात त्याच्या खाली, उघडणारी बारीक तारांची जाळी. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेतून ती आत नेतात, पोट उघडावं लागत नाही. चहाच्या गाळणीसारखी ती गुठळी अडवते, रक्त पुढे जाऊ देते. पण नवी गुठळी होणं ती थांबवत नाही, हे अनेकांना कुणी सांगतच नाही.

म्हणून पहिला उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचाच. मेंदूत रक्तस्राव, मोठी दुखापत, तातडीचं ऑपरेशन अशा कारणांनी ती देता येत नसतील, तेव्हा फिल्टर.

१९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ४०० रुग्णांच्या फ्रेंच अभ्यासात फिल्टरमुळे फुफ्फुसातल्या गुठळ्या कमी झाल्या, पण पुढे दोन वर्षांत पायातल्या वाढल्या. मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. जाळी जास्त काळ राहिली तर सरकू शकते, तार तुटू शकते, शिरेच्या भिंतीत रुतू शकते. धोका टळताच ती काढा, असं अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१० मध्येच बजावलं होतं.

डिस्चार्ज कार्डावर फिल्टरचं नाव, बसवल्याची तारीख आणि काढण्यासाठी कधी यायचं, हे लिहून घ्याच. औषधं सुरू झाली की लगेच पुन्हा विचारा.