कास पठार उघडंबोडकं आहे, मग तिथं झाडं का लावत नाहीत?

तुम्ही विचारलंय की कासला एवढी फुलं येतात म्हणजे माती चांगली असणार, मग बाकीचे महिने पठार बोडकं ठेवण्यापेक्षा झाडं लावून जंगल का करत नाहीत. मी सातारचा, लहानपणापासून सड्यावर जातोय (पठाराला आमच्याकडं सडा म्हणतात), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माती चांगली नाहीये हो. खाली सगळा जांभा खडक, त्यावर कुठं बोटाच्या पेराएवढी तर कुठं वीतभर माती, तीही आम्लधर्मी, लोह भरपूर पण नत्र फारच कमी. पावसाळ्यात खडकावर पाणी साचून राहतं आणि एप्रिलात तोच खडक तव्यासारखा तापतो. अशा ठिकाणी मोठं झाड मूळ धरत नाही आणि म्हणूनच ही बोटभर फुलझाडं तिथं टिकलीत, त्यांचं ऊन अडवायला वर कुणीच नाही. सावली पडली की ती गेली.

सीतेची आसवं बघितलीयत का? लांबून जांभळट निळी चादर दिसते ती. पायवाटेवरच खाली बसून बघा, नाजूक दांडीवर एवढंसं फूल, पानं शोधावी लागतात. खरी गंमत ओल्या मातीखाली आहे, तिथं टाचणीच्या डोक्याहून बारीक फुगे असतात, पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव फुग्याच्या तोंडाशी आला की झाकण उघडतं आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. मातीत नत्र मिळत नाही म्हणून या रोपानं ही सोय केलीय, दवबिंदू नावाच्या रोपाचंही तेच, त्याच्या पानांवर चिकट थेंब असतात त्यात किडे अडकतात. आता अशा जागेत पोयटा आणि शेणखत टाकलं तर काय होईल बघा, गवत आणि तण माजणार आणि ही रोपं त्यात गुदमरणार.

हे मी बघितलंय. कॉलेजला असताना एका ग्रुपबरोबर आमच्या जवळच्याच एका सड्यावर मीही वृक्षारोपणाला गेलो होतो, पहारीनं जांभा फोडून खड्डे काढले, खालून टेम्पोनं माती आणली. मार्चपर्यंत रोपं वाळली. पुढच्या पावसाळ्यात त्या खड्ड्यांभोवती गाजर गवत उगवलं, आणलेल्या मातीतूनच बी आलं असणार, आणि जिथं पांढऱ्या गेंदाच्या फुलांचे ठिपकेच ठिपके असायचे तिथं एकही नव्हता. अजून वाईट वाटतं त्याचं.

कासचं नशीब बरं, 2012 साली पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर त्याला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. तरी तिथंही एक चूक झालीच, गर्दी आवरायला तारेचं कुंपण घातलं, त्यानं गुरं आत जायची थांबली आणि गवत वाढून फुलं कमी झाली असं गावकरी आणि अभ्यासक दोघंही सांगायला लागले, शेवटी कुंपण काढलं. म्हणजे गुरांचं चरणंसुद्धा त्या फुलांच्या हिशोबात धरावं लागतं. बाकीच्या सड्यांना तेवढंही संरक्षण नाही. कोल्हापूरकडचे कितीतरी सडे बॉक्साइटसाठी खणले गेले, चाळकेवाडीला पवनचक्क्या आणि त्यांचे रस्ते झाले. पडीक म्हटलं की काहीही करायला मोकळीक मिळते, म्हणून मला त्या शब्दाचाच राग येतो.

तुमच्या मंडळाला झाडं लावायचीच असतील तर जरूर लावा, पण खाली गावात, ओढ्याकाठी, जांभूळ, करंज, उंबर असली. आणि सप्टेंबरात गर्दीत येण्याऐवजी जमलं तर ऑगस्टमध्ये आठवड्याच्या मधल्या वारी या. तेव्हा डबक्यांत वायतुरा फुललेला असतो, इंग्रजी वाय अक्षरासारखा दुहेरी तुरा. याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस, 1982 मध्ये नोंदवलेली जात. डबकं आटलं की त्याचा कंद खालच्या चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतो, आणि उन्हाळ्यात त्या जागेवर उभं राहिलात तर तुम्हालाही वाटेल की इथं काहीच नाहीये.