छोट्या तेल कंपनीचे प्रवर्तक हिस्सा विकणार अशी चर्चा आहे, शेअर १५०वरून २२०वर आलाय. ओपन ऑफरचा, म्हणजे नव्या खरेदीदाराने सार्वजनिक भागधारकांचे शेअर घेण्याच्या प्रस्तावाचा, भाव किती निघेल? थांबावं का?

कंपनीचं नाव तुम्ही दिलेलं नाही, पण ग्रुपवर फिरणारा हिशोब दिलाय: साठे गुणिले कच्च्या तेलाचा भाव, भागिले एकूण शेअर, म्हणून २२०चा शेअर ५००ला जाणार. हा हिशोब मी वर्षानुवर्षं खोडतोय आणि दर तेजीत तो पुन्हा उगवतो.

जमिनीखालच्या बॅरलला ब्रेंटचा, म्हणजे काढून विकलेल्या कच्च्या तेलाचा बाजारभाव लावायचा नसतो. आधी २पी, म्हणजे सिद्ध आणि संभाव्य साठेच धरा. २सी, म्हणजे काढणं फायद्याचं ठरेल की नाही हे अजून न ठरलेलं तेल, वगैरे आकडे सादरीकरणात शोभतात, खरेदीदार त्यांना फारसे पैसे देत नाही. मग त्या क्षेत्रात कंपनीचा स्वतःचा हिस्सा किती ते बघा. त्यातून रॉयल्टी, सेस जिथे लागू असेल तिथे तो, प्रॉफिट पेट्रोलियममधला (खर्च वसूल झाल्यावर उरणाऱ्या तेलातला) सरकारचा वाटा, विहिरींचा खर्च आणि कर वजा करा. करार कधी संपतो हे तर कोणी बघतच नाही. छोट्या-मध्यम क्षेत्रांच्या करारांना मुदतवाढ देण्याचं धोरण २०१६ला आलं, पण वाढीव काळात प्रॉफिट पेट्रोलियममधला सरकारी वाटा १० टक्क्यांनी जास्त. ताळेबंदातली सगळी रोकडही मोकळी नसते. साइट रिस्टोरेशनची ठेव विहिरी बुजवण्यासाठी बांधलेली असते, ती वजा करा.

एवढं करून जो आकडा येईल तोही तुमचा भाव नाही. तुम्हाला मिळणारा किमान भाव बाजार नियामक सेबीच्या २०११च्या नियमांतून निघतो. खरेदीदार २५ टक्के मतहक्कांची रेषा गाठतो किंवा नियंत्रण घेतो तेव्हाच ओपन ऑफर लागते. २४.९ टक्के घेऊन तो नियंत्रणाशिवाय शांत बसला तर तुम्हाला काहीच नाही. ऑफर लागली तर शेअरमध्ये नियमित उलाढाल असलेल्या कंपनीसाठी यातला सर्वांत मोठा आकडा धरतात: प्रवर्तकाशी झालेल्या करारातला भाव, खरेदीदाराने आधीच्या ५२ आठवड्यांत केलेल्या खरेदीची भारित सरासरी, २६ आठवड्यांत त्याने दिलेला सर्वोच्च भाव, आणि जाहीर घोषणेआधीच्या ६० ट्रेडिंग दिवसांची भारित सरासरी.

शेवटच्या आकड्यात गंमत आहे. अफवेवर शेअर चढला की ही सरासरी चढते, म्हणजे ग्रुपवाले आपणच किमान भाव वर ढकलत असतात. अफवांचा खुलासा करण्याची सक्ती बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० कंपन्यांनाच आहे, तुमची त्यात नसणार. पण सरासरी करारातल्या भावाच्या फार वर गेली तर खरेदीदाराला तुमच्याकडचे शेअर प्रवर्तकापेक्षा महाग पडतात. मग तो थांबतो किंवा सौदाच सोडतो.

आता मूळ दुखणं: प्रवर्तकाला जास्त भाव, तुम्हाला कमी. ऑगस्ट २०१०मध्ये वेदान्ताने केर्न इंडिया या तेल कंपनीचा ताबा घ्यायचा करार केला. कंपनी छोटी नव्हती, पण सगळे डाव तिथे एकदम दिसले. एडिनबराच्या मूळ केर्नला, म्हणजे प्रवर्तकाला, शेअरमागे ४०५ रुपये, आणि सार्वजनिक भागधारकांना ३५५. मधले ५० नॉन-कम्पीट फी, म्हणजे प्रवर्तकाने पुन्हा त्याच धंद्यात न उतरण्याचा मोबदला. १९९७च्या जुन्या नियमांत ऑफर भावाच्या २५ टक्क्यांपर्यंत असं देता येत असे, त्यामुळे कायदेशीर होतं. आमच्या ओळखीतले एक चार्टर्ड अकाउंटंट तेव्हा सांगत, की नियंत्रणाची किंमत प्रवर्तकाने कमावलेली असते, तुम्ही कशाला जळता? माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, की शेअरला शेअर सारखा.

पुढे एप्रिल २०११मध्ये वेदान्ता समूहातल्या, पणजीच्या सेसा गोवाने ३५५ला ऑफर उघडली. २० टक्के हवे होते, सुमारे ८ टक्केच आले. त्याच महिन्यात मलेशियाच्या पेट्रोनासने केर्न इंडियातला आपला दहा टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा सेसा गोवालाच बाजारात ३३१ला विकला. कारण काहीही असो, ३५५ची ऑफर चालू असताना बड्या भागधारकाने ३३१चे रोख पैसे घेतले. सरकारी मंजुरी जूनअखेरीस आली, तीही अटींवर. केर्नच्या राजस्थानमधल्या ब्लॉकमध्ये सरकारी ओएनजीसीचा हिस्सा ३० टक्के, पण रॉयल्टी पूर्ण १०० टक्के तीच भरत होती. ती रॉयल्टी ब्लॉकच्या उत्पन्नातून खर्च म्हणून वसूल होऊ द्यायची, हे केर्नला मान्य करावं लागलं. म्हणजे ज्या कंपनीचं मूल्यमापन करून सगळे बसले होते, तिचा नफाच मंजुरीच्या कागदावर बदलला. ५० रुपयांची फीही त्याच सुमारास रद्द झाली, आणि सौदा पुरा व्हायला डिसेंबर २०११ उजाडला.

२०११च्या नियमांनी नॉन-कम्पीट फी किंवा नियंत्रणासाठी दिलेली जादा रक्कम ऑफर भावातच धरायला लावली. वाद तिथे संपला. सीए साहेब अजून मानत नाहीत.

तुमच्या कामाचं: भावापेक्षा स्वीकृतीचं प्रमाण बघा. समजा ऑफर २४०ची, २६ टक्के शेअरसाठी, आणि एकूण ६० टक्के शेअर टेंडर झाले, म्हणजे ऑफरमध्ये विकायला दिले गेले. २६ भागिले ६०, म्हणजे तुमच्या १,००० पैकी सुमारे ४३३ घेतले जातील. बाकीच्या ५६७वरचा लीन (ऑफरसाठी लावलेली अडक) सुटेल आणि ते तुमच्याकडेच राहतील. ऑफर संपल्यावर शेअर १९०ला आला तर सरासरी सुमारे २११.६५ पडली. ऑफर चालू असताना बाजारात २२५ मिळत होते, तर तेच बरे होते. ऑफर भावाला चिकटून शेअर चालत असेल तर टेंडर करण्यात अर्थ कमी.

टेंडरची मुदत १० कामकाजाच्या दिवसांची असते, घाई करू नका. शेवटच्या दोन दिवसांत एक्स्चेंजवर किती शेअर टेंडर झाले ते बघून ठरवा. पण ब्रोकर आपली वेळ आधीच बंद करतात, ती विचारून ठेवा. खरेदीदार मुदत सुरू होण्याच्या एक कामकाजाच्या दिवसाआधीपर्यंतच भाव वाढवू शकतो.

भाव खरा चढतो तो दुसरा ग्राहक आल्यावर. २०१२मध्ये कोव्ह एनर्जी या लंडनच्या छोट्या कंपनीकडे मोझांबिकच्या एरिया १ या गॅस क्षेत्रात ८.५ टक्के हिस्सा होता, तोच मुख्य माल. शेलने १९५ पेन्स म्हटलं, थायलंडच्या पीटीटीईपीने २२०. शेल २२०वर आली, पीटीटीईपी २४०वर, आणि शेल बाहेर. तुमच्या कंपनीच्या मागे असे दोघं उभे आहेत का? आपल्याकडे स्पर्धक ऑफर पहिल्या खरेदीदाराच्या तपशीलवार जाहिरातीनंतर १५ कामकाजाच्या दिवसांत यावी लागते. ती आली नाही तर ५००चं नाव काढू नका.

दोन गोष्टी राहिल्या. क्षेत्राच्या करारात नियंत्रण बदलायला सरकारची संमती लागत असेल आणि ती नाकारली गेली, तर ऑफर मागे घेता येते. आणि विलीनीकरणाचा रस्ता धरला तर रोख ऑफरची अपेक्षा सोडा: २०१७ला केर्न इंडियाच्या एका शेअरला वेदान्ताचा एक शेअर आणि १० रुपये दर्शनी मूल्याचे चार प्रेफरन्स शेअर मिळाले. मी सल्लागार नाही. पण शेअर अफवेआधी १५०ला होता आणि आज २२० मिळतायत, तर मी अर्धे विकले असते.