स्कॉटिश कुटुंबाची वंशावळ शोधायला सुरुवात कुठून करावी?

क्लॅनच्या, म्हणजे एका सरदाराखालच्या स्कॉटिश कुळाच्या, नावावरून तर मुळीच नको. आडनाव कॅम्पबेल असलं की सरदाराचं रक्त, असं नसतं. त्याच्या जमिनीवर राबणारे, आश्रयाला आलेले लोकही तेच आडनाव लावायचे.

घरातल्या माहितीवरून एकेक पिढी मागे जा आणि आधी मृत्यूचा दाखला काढा. स्कॉटलंडमध्ये सक्तीची सरकारी नोंदणी १८५५ मध्ये सुरू झाली. तिथल्या दाखल्यात मयताच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावसुद्धा! १८५५ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी वारलेल्या आजीचा दाखला मिळाला, तर तुम्ही थेट अठराव्या शतकात पोहोचता. फक्त माहिती कुणी दिली तो रकाना नीट वाचा. मुलगा असेल तर ठीक, शेजारी असेल तर नावं पडताळून घ्या.

हे सगळं 'स्कॉटलंड्सपीपल' या सरकारी संकेतस्थळावर मिळतं. शोध फुकट, पण मूळ पान बघायला बहुधा पैसे पडतात. १८५५ पूर्वीसाठी चर्चची पॅरिश रजिस्टरं, म्हणजे त्या-त्या भागातल्या चर्चच्या नोंदवह्या आहेत, पण त्यांत बऱ्याच नोंदी गळलेल्या आहेत. तिथे नाव ठेवायची पद्धत उपयोगी पडते: थोरल्याला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पुरावा म्हणून नव्हे, दिशा म्हणून.