नम्र रहा, पण कामाची पत घालवू नकोस

अगं, तुझा मेसेज वाचला. "मी मान खाली घालून काम करते तर कुणी विचारतच नाही आणि तो नुसता बोलबच्चन टीम लीड झाला." राग येणारच गं, पण मला आधी तुझ्याशीच जरा भांडायचंय.

२००९ मध्ये अमेरिकेत कॅमेरॉन अँडरसन आणि गॅव्हिन किल्डफ या संशोधकांनी अनोळखी चौघाचौघांचे ग्रुप करून त्यांना गणितं दिली, तर ९४ टक्के वेळा ग्रुपने फायनल केलं ते सगळ्यात आधी कुणीतरी बोललेलं उत्तर! आणि जे पुढे होऊन बोलत होते ते सगळ्यांना हुशार वाटले, गणितात काही विशेष नसूनही. म्हणजे तुझा लीड तुझ्यापेक्षा भारी असेलच असं नाही, पण मीटिंगमध्ये जो गप्प बसतो त्याला लोक नम्र वगैरे म्हणत नाहीत, सरळ धरून चालतात की याला काही येत नसणार.

आता तुझं बघ. डेमो झाला, क्लायंट खुश, मॅनेजरने कौतुक केलं आणि तू काय म्हणालीस? "काही नाही सर, छोटंसंच होतं." आपल्याच तोंडाने आपली स्तुती करू नये हे घरात शिकलेलं असतं, कळतं मला, पण मॅनेजर ते शब्दशः खरं मानतो ना! १९६६ चा एलियट अॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाचा एक प्रयोग आहे, क्विझमध्ये जवळजवळ सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्याने स्वतःवर कॉफी सांडली तर तो लोकांना जास्त आवडला, आणि यथातथा उत्तरं देणाऱ्याने सांडली तर होता त्याहून कमी. नम्रपणाचंही मला तसंच वाटतं. काम येतं हे माहीत असलेल्या माणसाने "हे मला कळलं नाही, समजाव ना" म्हटलं की त्याचा मान वाढतो, नवख्याला तेवढी सूट नसते. (मुलींना तर दोन्हीकडून मार, बोललं तर आगाऊ, नाही बोललं तर बिचारी.)

म्हणून स्वतःबद्दल हवं तेवढं कमी बोल, कामाबद्दल नको. पेज आधी किती सेकंदात उघडायचं, आता किती, एवढं कोरडं सांग, आणि टेस्टिंगवाल्याने मदत केली असेल तर सगळ्यांसमोर त्याचं नाव घे, त्याने तुझं काही कमी होत नाही.

आणि हो, अप्रेझलचा फॉर्म सबमिट करायच्या आधी मला पाठव. जिथे जिथे "टीमला हेल्प केली" लिहिलंयस तिथे नेमकं काय केलंस ते लिहून मगच पाठव.